निळसर काळ्यासाठी घरी बनवलेला डेव्हलपर

पन्हाळ्याचा तीन दरवाजा आषाढात भिजला की त्याचा दगड निळसर काळा दिसतो. माझ्या प्रिंटमध्ये तो हिरवट यायचा. निगेटिव्हमध्ये खोट नव्हती. एन्लार्जर ठीक होता. तरी काळ्यात हिरवट-तपकिरी झाक असायचीच, आणि एकदा ती दिसली की मग दुसरं काही दिसायचं नाही.

मी सांगलीत राहते. कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि मागच्या अंगणालगतच्या जुन्या न्हाणीघरात डार्करूम थाटली. खिडकीला काळं कापड, मोरीवर फळी, फळीवर तीन ट्रे. सुरुवातीला मी परदेशी बनावटीची तयार पावडर वापरत होते. एका पाकिटात जवळजवळ चार लिटर डेव्हलपर व्हायचा. माझं प्रिंटिंग अधूनमधून चालायचं, त्यामुळे उरलेला डेव्हलपर बाटलीतच तपकिरी व्हायचा. पुढचं पाकीट वेळेवर मिळेल याची खात्री नसे. द्रवरूपातला मागवावा तर कुरिअरवाले नाही म्हणायचे. शेवटी ठरवलं, लागेल तेवढा लिटरभर आपणच बनवायचा. आयुष्यभर पोरांकडून टायट्रेशन करून घेतलं, पाच पावडरी पाण्यात विरघळवणं काही अवघड नाही, असं वाटलं. विरघळवणं अवघड नव्हतंच. पावडरी हातात पडेपर्यंतच जास्त वेळ गेला.

सूत्र निवडलं कोडॅकचं डी-७२. ते फार जुनं आहे, सगळ्या पुस्तकांत सापडतं, आणि बाजारातला डेक्टॉल त्याचाच जवळचा भाऊबंद. एक लिटरसाठी मेटॉल ३ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट ४५ ग्रॅम, हायड्रोक्विनोन १२ ग्रॅम, सोडियम कार्बोनेट मोनोहायड्रेट ८० ग्रॅम आणि पोटॅशियम ब्रोमाइड २ ग्रॅम. वापरताना एक भाग डेव्हलपर, दोन भाग पाणी. यात मेटॉल आणि हायड्रोक्विनोन चांदीचे क्षार काळे करतात. कार्बोनेट त्यांना चालना देतं. सल्फाइट डेव्हलपर हवेने खराब होऊ देत नाही. ब्रोमाइड जरा लगाम घालतं, म्हणजे प्रकाश न पडलेला भाग पांढरा राहतो. पुढचा सगळा घोळ या लगामाचाच होता, पण ते नंतर कळलं.

मेटॉल आणि हायड्रोक्विनोन मुंबईहून आणले. प्रिन्सेस स्ट्रीटला प्रयोगशाळेची रसायनं विकणारी दुकानं आहेत, तिथे सीलबंद डब्यात मिळाले. सल्फाइट आणि कार्बोनेट वजनाला जड आणि दराला स्वस्त, ते गावातच घेऊ म्हटलं. इथे एका दुकानात सल्फाइट सुट्टं मिळालं. प्लॅस्टिकच्या पिशवीत भरलेलं, वर बॉलपेनने लिहिलेलं नाव, तेही अर्धवट. "हे सल्फाइटच ना?" मी विचारलं. "हो मॅडम, तेच. डाइंगवाले नेतात," दुकानदार म्हणाला.

डेव्हलपर तयार केला तेव्हा स्वच्छ, पाण्यासारखा होता. जेवून परत आले तर ट्रेमध्ये चहाच्या रंगाचं पाणी. प्रिंटच्या पांढऱ्या कडांवर पिवळे डाग पडले. असं एकाच कारणाने होतं. हवेला अडवणारं सल्फाइट त्यात नाहीच. मी पिशवीतली चिमूटभर पावडर पाण्यात विरघळवली आणि जखमेला लावायच्या आयोडीनचा एक थेंब टाकला. सल्फाइट असतं तर आयोडीनचा रंग क्षणात उडाला असता. रंग तसाच राहिला. पिशवीत सल्फेट होतं. रंगाईच्या कामात सल्फेट चालतं, म्हणून दुकानदाराच्या दृष्टीने दोन्ही एकच. तो काही मुद्दाम फसवत नव्हता, पण माझे मेटॉल-हायड्रोक्विनोन वाया गेले ते गेलेच. ही आयोडीनची परीक्षा मी आता प्रत्येक नव्या पिशवीची करते. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. बॉयलरच्या पाण्यातला ऑक्सिजन काढायलाही सोडियम सल्फाइट वापरतात आणि औद्योगिक वसाहतीत ते स्वस्त मिळतं. त्यात कधी कधी उत्प्रेरक मिसळलेला असतो, म्हणजे ते ऑक्सिजनशी लवकर संयोग पावावं म्हणून. आपल्याला नेमकं उलट हवं असतं. तेव्हा ते घेऊ नका. शिवाय सल्फाइट दोन रूपांत मिळतं, निर्जल पावडर आणि पाणी धरलेले खडे. खड्यांमध्ये निम्मं वजन पाण्याचं असतं. सूत्रात ४५ ग्रॅम निर्जल लिहिलं असेल तर खडे ९० ग्रॅम घ्यावे लागतात.

कार्बोनेटची गंमत याहून मोठी. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेटच, पण त्याच्या खड्यांत पाण्याचे दहा रेणू अडकलेले असतात. ८० ग्रॅम मोनोहायड्रेटच्या जागी निर्जल ६८ ग्रॅम पुरतं, आणि खडे घेतले तर तब्बल १८४ ग्रॅम. बरं, खडे उघडे राहिले की हवेत पाणी सोडून वरून पिठूळ होतात. म्हणजे अर्धा खडा एका प्रकारचा, अर्धा दुसऱ्या. त्याचं वजन करून उपयोग काय? उलट निर्जल पावडर पावसाळ्यात ओल धरते. सांगलीच्या जुलैत नीट न झाकलेल्या डब्यातली पावडर गठ्ठा होऊन बसते.

यावर मी शोधलेला उपाय शाळेच्या पुस्तकातला आहे. खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, किराणा दुकानात चांगल्या प्रतीचा मिळतो. तो जुन्या ॲल्युमिनियमच्या नव्हे तर स्टीलच्या ताटात पसरून ओव्हनमध्ये २०० अंशांवर तापवायचा. त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि वाफ निघून जाते आणि निर्जल कार्बोनेट उरतं. १०० ग्रॅमचे ६३ ग्रॅम होतात. वजन घटायचं थांबलं की काम झालं. गार होताच घट्ट झाकणाच्या बरणीत भरायचं. हे ताट नंतर स्वयंपाकात वापरलं तरी चालेल, कारण सोडाच आहे. बाकी कुठल्याही रसायनाचं भांडं मात्र स्वयंपाकघरात परत जाता कामा नये. आमच्याकडे डार्करूमच्या भांड्यांवर लाल ऑइलपेंटची रेघ आहे.

मग पाणी. आमच्याकडे नळाचं पाणी कृष्णेचं आणि वापरायचं बोअरचं. बोअरच्या पाण्यात कार्बोनेट घातलं की पांढरा गढूळपणा यायचा आणि तळाशी चुन्याचा साका बसायचा. तो प्रिंटवर बारीक ठिपक्यांसारखा चिकटायचा. मूळ डेव्हलपर मी आता आरओच्या पाण्यात करते. पातळ करायला उकळून गाळलेलं नळाचं पाणी चालतं.

मिसळण्याचा क्रम चुकवायचा नाही. पाऊण लिटर पाणी, साधारण ५० अंश, म्हणजे हाताला चांगलं गरम. त्यात आधी चिमूटभर सल्फाइट, मग लगेच मेटॉल. मेटॉल पूर्ण विरघळल्यावरच उरलेलं सल्फाइट. सगळं सल्फाइट आधी घातलं तर मेटॉल नीट विरघळत नाही, पांढरा चुरा तरंगत राहतो. मग हायड्रोक्विनोन, मग कार्बोनेट थोडं थोडं, शेवटी ब्रोमाइड. प्रत्येक गोष्ट विरघळल्याशिवाय पुढची घालायची नाही. मग थंड पाणी घालून लिटर पुरा करायचा. वजनाला सराफी पद्धतीचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घेतला. तोंडाला मास्क, हातात मोजे, पंखा बंद आणि खिडकी उघडी. हायड्रोक्विनोनची पूड डोळ्यांना वाईट.

एवढं सगळं जमल्यावर डी-७२ मध्ये तीन दरवाजाची प्रिंट काढली. स्वच्छ आली. हिरवट झाक बरीच कमी झाली होती. पण निळसर काळा नव्हता. साधा काळा होता, अगदी मधला. थोडी हिरमुसले, खरं सांगायचं तर.

आमच्या मागच्या गल्लीत एक जुने स्टुडिओवाले काका राहतात. त्यांनी पासपोर्ट फोटोंपासून लग्नाच्या अल्बमपर्यंत सगळं हाताने धुतलेलं. त्यांना ओली प्रिंट दाखवली. त्यांनी ती उजेडात धरली आणि विचारलं, "बाई, कागद डेव्हलपरमध्ये किती वेळ ठेवता?"

मी म्हटलं, "दिसायला लागलं, बरोबर वाटलं की काढते. मिनिटभर."

"तिथंच. एक्स्पोजर जास्त देताय आणि घाईनं उचलताय. कमी द्या आणि पुरतं होऊ द्या. अर्धवट धुतलेला काळा नेहमी तांबूस राहतो."

दुसरं त्यांनी सांगितलं की ट्रेमधला डेव्हलपर थकला की रंग हिरव्याकडे झुकतो, तेव्हा तो बदलायला कंजूषपणा करू नका. याचं कारण मला माहीत होतं, पण मी ते कधी ट्रेपर्यंत आणलं नव्हतं. प्रत्येक प्रिंट डेव्हलप होताना कागदातलं ब्रोमाइड सुटून ट्रेमध्ये जमा होतं. म्हणजे मी सूत्रात २ ग्रॅम घातलं असलं तरी संध्याकाळ संपेपर्यंत ट्रेमध्ये त्याहून बरंच जास्त झालेलं असतं. आणि ब्रोमाइड जितकं जास्त, तितका काळा उबदार आणि हिरवट.

काका उटीच्या कागदाबद्दल खूप बोलले. हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' कागद. हा सरकारी कारखाना १९६० मध्ये स्थापन झाला, १९६७ पासून तिथे उत्पादन होऊ लागलं, आणि आता तो बंद आहे. काकांच्या मते तो कागद काळा द्यायचा तसा आता कुणी देत नाही. त्यांच्याकडच्या जुन्या प्रिंट मी पाहिल्या. चांगल्या आहेत. पण निळसर मला तरी दिसल्या नाहीत. असो, त्या वयात आपणही असंच बोलू.

काकांचं ऐकून एक्स्पोजर कमी केलं, कागद पूर्ण अडीच मिनिटं डेव्हलपरमध्ये ठेवला. रेझिन लावलेल्या कागदाला दीड मिनिट पुरतं, जाड फायबर कागदाला दोन ते तीन मिनिटं द्यावीत. फरक पडला. मग ब्रोमाइड कमी करायचं ठरवलं. २ ग्रॅमऐवजी अर्धा ग्रॅम. काळा थंड झाला, पण पांढरे भाग राखाडी पडले. लगाम सैल झाल्यावर प्रकाश न पडलेले कणही काळे व्हायला लागतात. त्याला फॉग म्हणतात.

इथे बेन्झोट्रायझोल कामाला आलं. तेही लगामच घालतं, पण त्याच्यामुळे काळा रंग उबदार न होता उलट निळ्याकडे जातो. फोटोच्या सामानाच्या दुकानांत ते मला मिळालं नाही. मिळालं ते कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीला माल पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे. तांबं-पितळ काळं पडू नये म्हणून तिकडे हेच वापरतात. लागतं इतकं थोडं की एक छोटी बाटली वर्षानुवर्षं पुरेल. १ ग्रॅम १०० मिलिलिटर गरम पाण्यात विरघळवून एक टक्क्याचं द्रावण करून ठेवायचं. थंड पाण्यात ते फार रेंगाळतं.

मी काय केलं ते सांगते. अर्धा ग्रॅम ब्रोमाइडवाला डेव्हलपर चार बरण्यांत सारखा वाटला. एकीत काही नाही, बाकीच्यांत लिटरमागे ५, १५ आणि ३० मिलिलिटर या हिशेबाने बेन्झोट्रायझोलचं द्रावण. एकाच निगेटिव्हच्या, एकाच कागदाच्या पट्ट्या. ५ ला फॉग थोडा उरला. १५ ला पांढरा स्वच्छ आणि काळा खरोखर थंड. ३० ला काळा आणखी निळा, पण मधल्या छटा मागे पडल्या, प्रकाश बराच जास्त द्यावा लागला आणि आकाशातले ढग खडूसारखे कोरडे झाले. माझ्या कागदाला १५ बरोबर बसलं. तुमचा कागद वेगळा असेल तर आकडा बदलेल, म्हणून हा प्रयोग स्वतः करा. बेन्झोट्रायझोल घातल्यावर एक्स्पोजर साधारण पाव पटीने वाढवावं लागतं, हे धरून चाला. नाहीतर प्रिंट फिकी आली म्हणून डेव्हलपरला दोष द्याल.

फॉग डोळ्यांना फसवतो. ओला कागद पांढराच वाटतो. त्याची तपासणी अशी करा. कागदाच्या दोन पट्ट्या घ्या, सेफलाइटसुद्धा बंद करा. एक पट्टी थेट हायपोत, म्हणजे उरलेले चांदीचे क्षार काढून प्रिंट पक्की करणाऱ्या द्रावणात, टाका. दुसरी आधी पुरा वेळ डेव्हलपरमध्ये, मग हायपोत. धुऊन वाळवून शेजारी शेजारी ठेवा. दुसरी जरा जरी काळवंडलेली दिसली तर लगाम कमी पडतोय.

एप्रिलमध्ये सगळं पुन्हा बिघडलं. तोच डेव्हलपर, तीच मापं, आणि पांढरे भाग परत राखाडी. थर्मामीटर बुडवला तर ट्रे ३२ अंशांवर. ही सगळी सूत्रं २० अंशांच्या हिशेबाने बांधलेली आहेत. सांगलीच्या उन्हाळ्यात २० अंश कुठून आणायचे? आता मी डेव्हलपरचा ट्रे एका मोठ्या घमेल्यात ठेवते आणि घमेल्यात बर्फाच्या पाण्याच्या बाटल्या. थेट ट्रेमध्ये बर्फ टाकायचा नाही, डेव्हलपर पातळ होतो. २४ अंशांपर्यंत आला तरी मला पुरतं. फार उन्हाळा असेल तर पहाटे प्रिंटिंग करते. डिसेंबरात उलटी तऱ्हा. १२-१३ अंशांच्या खाली हायड्रोक्विनोन जवळजवळ कामच करत नाही आणि काळा दुबळा पडतो. आमच्याकडे तशी वेळ क्वचित येते, पण नाशिककडच्या लोकांनी हे लक्षात ठेवावं.

त्याच उन्हाळ्यात माझी भाची मदतीला यायची. तिला हाताने प्रिंट हलवायची सवय. मी चिमटे दिले, मोजे दिले, तरी तिचे हात आत जायचेच. बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली, मग पुरळ, मग कातडी फुटली. मिरजेला त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी काय काय हाताळता ते विचारलं आणि मेटॉलवर बोट ठेवलं. मेटॉलची ॲलर्जी ही डार्करूममधली जुनी ओळखीची गोष्ट आहे. एकदा झाली की पुढे अगदी थोड्यानेही उठते. सगळ्यांना होत नाही. मला आजवर झालेली नाही. पण कुणाला होईल ते आधी सांगता येत नाही, म्हणून मोजे घाला.

तिच्यासाठी मी मेटॉल सोडलं आणि त्याचा मला फायदाच झाला. इल्फर्डचं आयडी-६२ हे सूत्र फेनिडोनवर चालतं. फेनिडोनमुळे अशी ॲलर्जी फारच क्वचित होते. शिवाय त्याच्यावर ब्रोमाइडचा लगाम नीट बसत नाही, म्हणून या सूत्रात बेन्झोट्रायझोल मुळातच घातलेलं आहे. मी जे जोडतोड करून करत होते ते तिथे तयार होतं. एक लिटरला निर्जल सल्फाइट ५० ग्रॅम, हायड्रोक्विनोन १२ ग्रॅम, निर्जल कार्बोनेट ६० ग्रॅम, फेनिडोन अर्धा ग्रॅम, ब्रोमाइड २ ग्रॅम आणि बेन्झोट्रायझोल ०.२ ग्रॅम, म्हणजे आपल्या एक टक्क्याच्या द्रावणाचे २० मिलिलिटर. वापरताना एकास तीन पाणी. फेनिडोन पाण्यात फार नाखुशीने विरघळतं. मी ते आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये एक टक्का करून ठेवते आणि ५० मिलिलिटर मोजून घालते. अर्धा ग्रॅम तोलण्याची कटकटही वाचते. ब्रोमाइड मी १ ग्रॅमवर आणलं, बेन्झोट्रायझोलचं द्रावण ३० मिलिलिटर केलं, आणि एकास तीनऐवजी एकास दोन पाणी घालते. डेव्हलपर जितका पातळ, तितका काळा उबेकडे सरकतो. माझा आजचा नेहमीचा डेव्हलपर हाच.

ॲमिडॉलबद्दल लोक विचारतात. एडवर्ड वेस्टन ॲमिडॉल वापरत आणि त्यांची नखं त्याने काळी पडलेली असत, हे प्रसिद्ध आहे. काळा सुंदर येतो म्हणतात. पण ते महाग आहे, तयार द्रावण दिवसभरातच मरतं, आणि हात, कपडे, मोरी सगळं डागाळतं. मी त्या वाटेला गेले नाही.

आता जे सगळ्यात आधी कळायला हवं होतं ते. रंग मुळात कागदाचा असतो. डेव्हलपर त्याला थोडं इकडे, थोडं तिकडे ढकलतो, एवढंच. माझ्याकडे एका मित्राने दिलेला उबदार छटेचा फायबर कागद होता. त्यावर हे सगळे डेव्हलपर चालवून पाहिले. तो तपकिरीवरून साध्या काळ्यापर्यंत आला, पुढे हलला नाही. त्याउलट इल्फर्डच्या कूलटोन कागदावर साधा डी-७२ सुद्धा थंड काळा देऊन गेला. रेझिनवाल्या मल्टिग्रेड कागदांवर तर डेव्हलपर बदलून पडणारा फरक इतका बारीक असतो की दोन प्रिंट शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही. फायबर कागदावर जरा जास्त दिसतो. जुना, मुदत उलटलेला कागद असेल तर मात्र बेन्झोट्रायझोल घालाच. त्याने फॉग दबतो आणि फेकायच्या लायकीचा कागदही कधी कधी कामाला येतो.

आणि बल्ब. माझ्या न्हाणीघरात पिवळा बल्ब होता. त्याच्याखाली कुठलीही प्रिंट उबदारच दिसते. निकाल कोरड्या प्रिंटवर आणि दिवसाच्या उजेडातच लावायचा. ओली प्रिंट वेगळी दिसते, वाळल्यावर ती थोडी गडद होते आणि छटाही सरकते. मी कोपऱ्याचा एक तुकडा हेअर ड्रायरने वाळवून अंगणात नेऊन बघते, मगच पुढचा कागद कापते. यात बरेच कागद वाचले.

तीन दरवाजाची प्रिंट आता कूलटोन फायबर कागदावर, आयडी-६२ मध्ये काढलेली आहे. दगड पाहिजे तसा आला. पन्हाळ्यावरच्याच अंधार बावीच्या कमानींची प्रिंट मात्र अजून मनासारखी नाही. तिथे सावल्या इतक्या खोल आहेत की थंड असो वा उबदार, सगळं एकच काळं होतं. तो डेव्हलपरचा प्रश्न नाही, निगेटिव्हचा आहे.

वापरलेला डेव्हलपर मी भरपूर पाण्यात मिसळून सोडते, पण हायपो नाही. त्यात चांदी उतरलेली असते आणि ती ओढ्या-नदीतल्या जिवांना घातक असते. मिरजेत एक्स-रेवाल्यांचा हायपो विकत नेणारे लोक फिरतात. माझा कॅन भरला की मी त्यांनाच देते.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना एवढंच सांगेन. खिशात मोजकेच पैसे असतील तर ते आधी थंड छटेच्या कागदावर घाला, बेन्झोट्रायझोल नंतर बघू. रसायन सीलबंद डब्यात घ्या आणि डब्यावर ते निर्जल आहे की खडे हे लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. आणि डेव्हलपर कधीही कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरू नका. तो पाण्यासारखाच दिसतो, आणि घरात लहान मूल असो वा म्हातारं माणूस, तहान लागल्यावर कुणी लेबल वाचत नाही.